अडगळ, मूल आणि कला

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपल्या शाळांतून आणि घरांतून आतां इतका रुळला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. रिकामी बाटली रंगवून तिची फुलदाणी करावी, जुन्या लग्नपत्रिकांचीं पाकिटें करावीं, आइस्क्रीमच्या काड्यांची पेटी करावी, करवंटीचा गणपति करावा. सुटीच्या दिवसांत मुलांना अशा उद्योगांत गुंतविणें हें शहाण्या आईबापांचें लक्षण मानलें जातें. मुलांचा वेळ सत्कारणीं लागतो, घरांतील केर कमी होतो, काटकसरीचें वळण लागतें आणि शिवाय एक शोभेची वस्तु पदरांत पडते, असे चार लाभ त्यांत सांगितले जातात. हे चारही लाभ आपापल्या परीनें चांगले आहेत. परंतु या हिशेबांत कला कोठें बसते आणि मूल कोठें बसतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मूल घरांतील निरुपयोगी वस्तूंतून कांहीं तरी घडवितें तेव्हां त्या कृतीचें मोल कशानें ठरवावें? वस्तु उपयोगी झाली म्हणून, सुंदर झाली म्हणून, कीं दुसऱ्याच कशामुळें? आणि त्या कृतींत वडील माणसांचा हात किती असावा? प्रश्न घरगुती आहे. परंतु घरगुती प्रश्नांतूनच मुलांची नीति घडत असते, म्हणून तो थोडा खोलांत जाऊन पाहण्याजोगा आहे.

प्रथम ‘टाकाऊ’ या शब्दाचाच विचार करूं. कोणतीही वस्तु जात्या टाकाऊ नसते. कोणी तरी तिला तशी ठरवितें, आणि तो निर्णय घराघराप्रमाणें व काळाप्रमाणें बदलतो. जुन्या मराठी घरांत लुगडें विरलें म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडी झिजली म्हणजे तिचीं पायपुसणीं होत. धोतराचीं फडकीं स्वयंपाकघरांत जात. आणि जे कपडे घरांत कोणालाच होत नसत ते बोहारणीपुढें टाकून, त्यांच्या बदल्यांत एखादें भांडें घासाघीस करून घेतलें जाई. बंगालमधील कांथाही अशाच जुन्या साड्याधोतरांचे थर एकमेकांवर ठेवून शिवली जाते. या व्यवहारामागें गरज होती. त्याला कोणी कला म्हणत नसे. तरीसुद्धां गोधडी शिवणारी बाई लाल काठाचा तुकडा हौसेनें मधोमध बसवी, आणि धांवदोऱ्याचे टांके चौकटीच्या आंत चौकट अशा रीतीनें नेई. थंडीचें निवारण त्यावांचूनही झालें असतें. गरजेनें जें मागितलें नव्हतें तें तिनें आपण होऊन दिलें, आणि कलेचा आरंभ तेथें झाला. काटकसर आणि कला या एकाच गोधडींत नांदत असल्या, तरी त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

आजच्या मध्यम स्थितींतील घरांतून ती गरज बहुतांशीं गेली आहे. तिचें नांव मात्र राहिलें आहे. म्हणून असा चमत्कारिक प्रकार घडतो कीं, शाळेनें टाकाऊ वस्तूंपासून कांहीं करून आणावयास सांगितलें म्हणजे आई संध्याकाळीं दुकानांत जाऊन काड्यांचें कोरें पाकीट, कागदी पेल्यांची नवी चळत आणि चमकीची पुडी विकत आणते. जी वस्तु कधीं वापरलीच गेली नाहीं ती टाकाऊ म्हणून वापरावयाची! दुसरा प्रकार याहून अधिक विचार करण्याजोगा आहे. पुण्यांत कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची जी संघटना १९९३ सालीं स्थापन झाली, तिचें नांव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असें आहे. या नांवांतच एका व्यवसायाचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. कागद निराळा, काच निराळी, पत्रा निराळा. निवडून वेगळें केलें तर त्या प्रत्येकाला पुढें जन्म आहे. आपण मात्र काचेच्या बाटलीवर कागद चिकटवितों, त्यावर रंग आणि चमकी लावितों, तोंडाशीं पत्र्याचें फूल बसवितों. आणि दोन महिन्यांनीं ती फुलदाणी नकोशी झाली म्हणजे कोणताही भंगारवाला ती घेत नाहीं. केर कमी झाला असें आपणांस वाटतें तेथें वस्तुतः उपयोगी पडणाऱ्या तीन पदार्थांचा एक निरुपयोगी गोळा झालेला असतो. मुलांना काटकसर शिकवावयाची असेल तर कमी विकत घेणें आणि केर वेगळा करणें, हे तिचे सरळ मार्ग आहेत. तें ओझें कलेच्या पाठीवर लादण्याचें कारण नाहीं.

हें ओझें उतरविल्यावर मग काय उरतें? तें पाहण्यासाठीं महाराष्ट्रांतील मुलें स्वतःच्या उत्साहानें ज्या एका कलाकृतीसाठीं दरवर्षीं घर धुंडाळतात, तिच्याकडे वळूं. दिवाळीची सुटी लागली कीं अंगणाच्या कोपऱ्यांत, आणि अंगण नसेल तेथें जिन्याखालीं किंवा इमारतीच्या भिंतीकडेला, किल्ला उभा राहूं लागतो. फुटक्या विटा, दगड, जुना डबा, मोडका पाट असें जें हातीं लागेल तें रचून त्यावर गोणपाट अंथरतात, आणि त्यावर मातीचा लेप देतात. अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत हिरवळ उगवितात. आरशाचा तुकडा म्हणजे तळें. काडेपेटी म्हणजे पहारेकऱ्याची चौकी. वरच्या टोकाला सिंहासनावर शिवाजी महाराज आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे. बहुधा त्या मावळ्यांच्या शेजारीं एखादी चावीची मोटार किंवा मावळ्याहून मोठा ससाही उभा असतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला धक्का बसला तरी त्या किल्लेदाराला त्यांत कांहीं विपरीत वाटत नाहीं.

आतां येथें त्या मुलाच्या मनांत काय चाललेलें असतें? आरशाचा तुकडा त्याला तळें वाटतो म्हणून तें फसलेलें आहे असें नाहीं. तळ्यांत बदक सोडतांना तें तुकड्याची धार बोटाला लागणार नाहीं अशा बेतानें हात चालवितें. तो तुकडा कांचेचा आहे हें त्याला ठाऊक आहे, आणि तें पाणी आहे हेंही त्याला ठाऊक आहे. या दोन जाणिवा एकमेकींना न खोडतां त्याच्या मनांत एकाच वेळीं राहतात. वस्तूचें जें नांव आपण ठेविलें आणि जो उपयोग आपण नेमून दिला, तेवढ्यानें ती वस्तु संपत नाहीं, असें त्या मुलाला दिसलेलें असतें. हें दिसणें हाच घरांतल्या अडगळींतून निर्माण होणाऱ्या कलेचा गाभा होय. नव्या खेळण्यांत तें सहसा घडत नाहीं, कारण खेळणें करणाऱ्यानें तें आधींच पाहून ठेविलेलें असतें. मोटारीला मोटार म्हणण्यांत मुलाचें स्वतःचें असें कांहींच नसतें.

मोठमोठ्या कलावंतांनाही या दृष्टीचें महत्त्व वाटलेलें आहे. पाब्लो पिकासो यानें १९४२ सालीं सायकलची एक जुनी बैठक आणि तिचें हँडल एवढ्या दोनच वस्तु एकत्र जोडून बैलाचें मस्तक केलें. पाहणाऱ्याला तो बैल दिसतो आणि सायकलही दिसते. यांतील एक जरी लोपलें तरी त्या शिल्पांतील चैतन्य जाईल. आपल्याकडे अवनींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोर चित्रकारानें उतारवयांत वाळलेल्या फांद्या, मुळ्या आणि लांकडाचे तुकडे गोळा करून त्यांतून पक्षी, प्राणी आणि माणसें केलीं. त्यांना तो ‘कुटुम काटाम’ म्हणत असे. यावरून प्रत्येक मूल पिकासो आहे असा अर्थ कोणी काढूं नये. कलावंत शंभर शक्यता पाहून नव्व्याण्णव टाकतो आणि त्या टाकण्याची त्याला जाण असते. मूल जें प्रथम दिसेल तें घेऊन पुढें जातें. परंतु ज्या दृष्टीवर कलावंताची ही निवड उभी राहते, ती दृष्टि मुलाला फुकट मिळालेली असते. आणि आपल्या हातून ती बहुधा त्याच्या दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आंतच बुजविली जाते.

येथें एक गंभीर आक्षेप संभवतो. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची जी योजना मांडली, आणि जी पुढें ‘नयी तालीम’ या नांवानें प्रसिद्ध झाली, तींत मुलांच्या हातून होणारी वस्तु खरोखर उपयोगी असावी असा आग्रह होता. त्या आग्रहांत एक मोठें सत्य आहे. मुलानें कांतलेलें सूत तुटलें तर तें वाईट सूत. तेथें खोट्या कौतुकाला जागा नाहीं. उलट चिंध्या आणि काड्या घेऊन केलेल्या वस्तूला कांहींच कसोटी नसते. मुलानें कांहींही चिकटविलें तरी घरांतील सारीं माणसें ‘वा! छान!’ म्हणतात, आणि मुलाला खऱ्याखोट्याची पारख होत नाहीं. मग उपयोगाचें माप काढून टाकल्यावर मुलाच्या हाताला शिस्त लावणार कोण?

या आक्षेपाचें उत्तर स्वतः त्या वस्तूच देतात. गोणपाटाखालचा आधार ढिला असेल तर डोंगर रात्रींतून खचतो. कणकेच्या खळीनें कागदावर कागद बसतो, पण पत्रा बसत नाहीं. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.मधून शिकून बाहेर पडलेले अभियंते मध्यप्रदेशांतील खेड्यांत विज्ञानशिक्षणाच्या कामास गेले, आणि त्यांनीं काडेपेटींतील काड्या सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीनें जोडून आकृति करण्याची एक युक्ति प्रचारांत आणली. त्या विषयावरील त्यांचें पुस्तक १९८७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढें पुण्याच्या आयुका या संस्थेंतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाच्या दाबानें कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र ढळत नाहीं. हें मुलाला कोणी सांगावें लागत नाहीं. चौकोन स्वतः सांगतो. वस्तूचा नकार आणि माणसाचा नकार यांत मोठें अंतर आहे. माणूस ‘चुकलें’ म्हणाला म्हणजे मूल त्या माणसाच्या तोंडाकडे पाहूं लागतें, आणि पुढच्या वेळीं त्याला काय आवडेल तें करूं लागतें. वस्तु ‘नाहीं’ म्हणाली म्हणजे मूल वस्तूकडे पाहतें. पहिल्यांतून खुशामत वाढते, दुसऱ्यांतून कौशल्य. तेव्हां उपयोगाचें माप काढलें म्हणून शिस्त जात नाहीं; ती वडिलांच्या हातून निघून पदार्थांच्या हातीं जाते, एवढेंच.

परंतु वडील माणसांना ती हातून सोडवत नाहीं. मुलानें बाहुली केली तर तिचे डोळे आई पुन्हां काढून देते, कारण मुलानें काढलेले डोळे खालींवर झालेले असतात. शाळेच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं मूल निजल्यावर बाप पुठ्ठ्याचा वाडा सरळ कापून चिकटवितो. सकाळीं त्या वाड्यावर मुलाच्या नांवाची चिठ्ठी लागते, आणि पुष्कळदां बक्षीसही त्यालाच मिळतें. या घरगुती प्रसंगांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. उलट सारें प्रेमानें चाललेलें असतें. पण मुलाच्या बाजूनें पाहिलें तर काय घडलें? आपण केलेलें आपल्या माणसांनाच पुरेसें वाटलें नाहीं, ही एक गोष्ट तें शिकलें. आणि दुसऱ्याच्या कामावर आपलें नांव लावणें हें प्रतिष्ठित घरांत चालतें, ही दुसरी. खोटें बोलूं नये हा धडा त्याच आईबापांनीं त्याला शंभरदां पढविलेला असतो. तो धडा पुठ्ठ्याच्या वाड्यापुढें फिका पडतो. मुलाच्या कलेंतील हस्तक्षेप हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नसून प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे, असें म्हणावें लागतें तें यासाठीं.

मग वडिलांनीं हात बांधून बसावें काय? तसेंही नाहीं. व्हिएन्ना शहरांत फ्रांझ सिझेक यानें १८९७ सालीं मुलांसाठीं जो चित्रकलेचा वर्ग सुरू केला, तो मुलांना त्यांच्या मनाप्रमाणें काम करूं देण्यासाठीं जगभर नांवाजला गेला. तरी त्या वर्गांतील कामांवरही शिक्षकाच्या आवडीची छाया दिसते असें टीकाकारांनीं पुढें दाखवून दिलें. शिक्षक किंवा आईबाप जवळ असले म्हणजे त्यांचा परिणाम व्हावयाचाच. प्रश्न तो परिणाम कोठें व्हावा एवढाच आहे. कात्री कशी धरावी, सुईंत दोरा कसा ओंवावा, खळ किती घट्ट करावी, पत्र्याची कड कशी दुमडावी म्हणजे हात कापणार नाहीं, हें सारें शिकविलेंच पाहिजे. तें न शिकवितां मुलाला ‘स्वतंत्र’ सोडणें हा आळस होय. हत्यार शिकवावें, आकृति शिकवूं नये. काय करावयाचें आहे हें मुलानें ठरवावें. कसें करतां येईल हें त्यानें विचारलें तर सांगावें. आणि झालेलें पाहून नुसतें ‘छान’ म्हणण्यापेक्षां ‘हें काय आहे, सांग पाहूं’ म्हणावें. मुलाला कौतुकाहून ऐकणारा माणूस अधिक हवा असतो.

आणखी एक गोष्ट शिकविण्याजोगी आहे, आणि ती कदाचित् सर्वांत महत्त्वाची. घरांतील प्रत्येक वस्तूला मालक असतो, आणि पुष्कळ वस्तूंना आठवणी असतात. ट्रंकेच्या तळाशीं असलेलें विटकें लुगडें नातीच्या दृष्टीनें बाहुलीचा झगा असतें. आजीच्या दृष्टीनें तें कशाचें काय असेल, हें तिच्यावांचून कोणाला ठाऊक? ‘आजी, हें घेऊं का ग?’ असें नातीनें विचारावें. आजी कधीं ‘घे बाई’ म्हणेल, कधीं काठ तेवढा काढून ठेवील, आणि कधीं ‘तें नको, दुसरें देतें’ असें म्हणून त्या लुगड्याची हकीकतही सांगेल. नातीला चिंधी मिळो वा न मिळो. अमुक वस्तु टाकाऊ आहे हा निर्णय एकट्यानें करावयाचा नसतो, हें तिला कळलें. डोळ्यांनीं स्वातंत्र्य घ्यावें आणि हातांनीं परवानगी घ्यावी, असा हा दुहेरी संस्कार आहे. आणि विकतच्या खेळण्यांतून तो सहसा होत नाहीं, कारण त्यांच्यामागें कोणाची आठवण नसते.

आतां दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. ज्यांच्या घरीं खेळण्यांनीं कपाटें भरलेलीं आहेत त्यांनीं चिंध्यांचें माहात्म्य गावें, यांत एक प्रकारचा दंभ नाहीं काय? ज्या मुलाजवळ चिंध्यांवांचून दुसरें कांहींच नाहीं, त्याला हें ऐकवावयाचें काय? या आक्षेपापुढें सावधपणानेंच बोललें पाहिजे. डेन्मार्कमध्यें कोपनहेगनजवळील एमड्रुप येथें १९४३ सालीं, जर्मनांच्या अंमलाखालीं देश असतां, मुलांसाठीं मोडक्यातोडक्या सामानाचें एक क्रीडांगण उघडण्यात आलें. मुलें सुबक क्रीडांगणें सोडून इमारतींच्या बांधकामाच्या जागीं खेळावयास जातात, हें सोरेन्सन नांवाच्या उद्यानरचनाकारानें पाहिलें होतें. त्यांतून ही कल्पना निघाली. तेथें जुन्या फळ्या आणि विटा होत्या, हत्यारें होतीं, आणि मुलांच्या पाठीशीं उभा राहणारा एक माणूसही नेमलेला होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें, आणि पुढें कोसबाड येथें, अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बालशिक्षणाचें जें काम केलें, त्यांतही हेंच दिसतें. माँटेसरीपद्धतीचीं महागडीं साधनें खेड्यांत आणणें शक्य नव्हतें. त्यांनीं शिंपले, बिया, खडे आणि पानें हींच साधनें केलीं, आणि बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणांत नेली. परंतु त्यांनीं गरिबीचें स्तोत्र गाइलें नाहीं. शिंपल्यांबरोबर त्यांनीं शिक्षिका दिली, दररोजची ठराविक वेळ दिली, आणि मुलानें मांडलेल्या शिंपल्यांकडे लक्ष देऊन पाहणारी दृष्टि दिली.

यावरून असें दिसतें कीं, मोडक्या वस्तूंत आपोआप कांहीं पुण्य नसतें. जें मूल दिवसभर पोटासाठीं कागद आणि काच वेंचतें त्याच्याजवळ साहित्य भरपूर असतें. त्याला नसते ती सवड. तेंच मूल ढिगांतून एक चकचकीत तबकडी उचलून कांहीं क्षण उन्हांत फिरवीत राहिलें, तर आपण त्याला उकिरडे फुंकणारें पोर म्हणतों. आणि आपलें मूल दिवाणखान्यांत बसून धुतलेल्या तबकडीला तेंच करूं लागलें, तर त्याला सर्जनशील म्हणतों. दोघांची दृष्टि एकच आहे. एकाला अवकाश मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाहीं, हा दोष त्या मुलांचा नाहीं. अडगळींतील कलेचें कौतुक करणाऱ्यानें एवढी गोष्ट विसरूं नये. आपल्या मुलाला आपण चिंध्या देतों असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण त्याला एक मोकळी दुपार देत असतों, आणि ती फार महाग वस्तु आहे.

राहिला प्रश्न ‘टिकाऊ’ या शब्दाचा. मुलानें केलेली वस्तु टिकली पाहिजे असें कां मानावें? दिवाळी संपली कीं किल्ला मोडतात. मावळे पुसून, कागदांत गुंडाळून, पुढच्या वर्षासाठीं डब्यांत ठेवतात. विटा होत्या तेथें परत जातात, गोणपाट झटकून घडी होतें. पुढच्या वर्षीं तोच ढीग दुसऱ्या डोंगराचें रूप घेतो. चिकटवून, रंगवून कायम केलेल्या फुलदाणींतील बाटली मात्र पुन्हां कधीं दुसरें कांहीं होऊं शकत नाहीं. या अर्थानें जें टिकलें नाहीं तेंच पुन्हां उपयोगी पडलें. तथापि मोडण्यालाही रीत असते. कित्येक घरांतून मुलांनीं केलेल्या वस्तु तीं शाळेंत गेल्यावर गुपचूप केरांत टाकल्या जातात, आणि संध्याकाळीं विचारलें तर ‘कोठें गेली कोण जाणे’ असें उत्तर मिळतें. हें करूं नये. जागा थोडी आहे, सर्व ठेवतां येत नाहीं, यांतलें काय ठेवावें तें तूं सांग, असें मुलाला सरळ म्हणावें. ज्याला आपलें करण्याचा अधिकार होता त्याला आपलें मोडण्याचाही आहे. मोठ्या माणसांना जी वस्तु जपून ठेवावीशी वाटते तिचा मुलाला पुष्कळदां विसर पडलेला असतो, आणि ज्या वेड्यावांकड्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे आपलें लक्षही नव्हतें तो त्याला हवा असतो. अशा वेळीं तो तुकडा ठेवावा.

‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नांवांशीं जोडलेला असून मराठी वाचकांना चांगला परिचित आहे. मोठ्यांच्या वाङ्मयाविषयीं त्याचा निकाल कसाही लागो. मुलांच्या बाबतींत हे दोन पक्ष इतके दूर नाहींत. मूल किल्ला करितें तें किल्ल्यासाठींच करितें. उद्यां आपण उदार व्हावें म्हणून करीत नाहीं. परंतु ज्या घरांत त्याला तसें करूं दिलें जातें, त्या घरांत त्याच्या मनावर एक गोष्ट न सांगतां ठसते. ‘टाकाऊलाही उपयोगी करतां येतें’ ही शिकवण वरवर उदार दिसली तरी तिचें माप उपयोग हेंच आहे; जें उपयोगी होऊंच शकत नाहीं त्याला तिच्यांत जागा नाहीं. आणि घरांत अशा वस्तूच नव्हे, माणसेंही असतात. हात थरथरणारे आजोबा, अंथरुणाला खिळलेली आत्या, शाळेंत मागें पडणारें भावंड, यांच्याकडे मूल कोणत्या दृष्टीनें पाहील? ‘यांचा आतां काय उपयोग?’ या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें तर तें दयाळू असलें तरी शेवटीं थकेल. पण नेमून दिलेलें काम संपलें म्हणजे वस्तु संपत नाहीं, हें ज्यानें गोणपाटांत आणि कांचेच्या तुकड्यांत पाहिलें आहे, त्याला तो प्रश्न बहुधा सुचणारच नाहीं. तें आजोबांजवळ जाऊन बसेल, कारण आजोबा तेथें आहेत.

अशी दृष्टि एका सुटींत येते असें कोणी समजूं नये, आणि ती येईलच अशी हमीही कोणाला देतां येणार नाहीं. आईबापांच्या हातीं एवढेंच आहे कीं, माळ्यावरची अडगळ काढतांना मुलाला जवळ बसूं द्यावें, तें एखादी वस्तु उचलून तिच्याकडे पाहत राहिलें तर घाई करूं नये, आणि त्यानें तिला जें नांव दिलें असेल त्या नांवानें, निदान त्या दिवसापुरती, आपणही तिला हांक मारावी.